पाचव्या वर्षाचा आकडा

आजऱ्याच्या अलीकडे, वळणावर, आमची रोपवाटिका आहे.
गल्ल्यावर मी बसते. पैसे घेते आणि लिहिते:
तारीख, नाव, गाव, जात, किती.
जात म्हणजे झाडाची.
एकदा एक नवीन गिऱ्हाईक चमकून बघत राहिलं होतं.

अठरा वर्षांच्या सात वह्या फळीवर आहेत.
पहिल्या तीनांत काजू, काजू, काजू,
मध्येच कुणाचा तरी एक फणस, चुकून वरातीत आल्यासारखा.
चौथीत आंबा घुसतो. पाचवीत पेरू, तोही तैवानचा.
सहावीत सगळ्यांनाच ड्रॅगन फ्रूट हवं झालं,
सिमेंटचे खांब विकणाऱ्या निपाणीच्या माणसानं
त्या साली नवी गाडी घेतली.
आणि यंदा अव्होकाडो.

मडिलग्याच्या दौलूमामांनी फळ हातात घेऊन विचारलं,
"ह्ये खात्यात कशासंगं?"
मी म्हटलं, मिठासंगं.
"मग पेरूनं काय घोडं मारलंय?"
तरी चाळीस नेली. भाच्यानं मोबाइलवर भाव दाखवला होता.

भाव आजचा असतो, झाड पाच वर्षांनंतरचं.
हे मी कुणाला सांगत नाही.
मला पगार रोपं विकण्याचा मिळतो.

पण संध्याकाळी शेडनेटखालचे फवारे बंद झाले
की मी वही घेऊन बसते.
उत्तूर, बहिरेवाडी, पेरणोली, गवसे,
ज्यानं त्यानं आपल्यापुरती चाळीस-पन्नास नेलेली.
बेरीज फक्त माझ्याकडे.
चार हजार.
शंभरातली वीस मरतील, पहिल्या उन्हाळ्यानं, वाळवीनं, गव्यानं.
उरलेल्यांना झाडामागे धरा बारा किलो
आणि सगळी एकाच महिन्यात तोडणीला.
त्या महिन्यात गडहिंग्लजच्या बाजारात
काय भाव फुटेल ते मला आजच दिसतं,
जसं चुलीवरचं दूध वर येताना दिसतं
आणि दोन्ही हात पिठात असतात.

परवा सुळेरानची सुंद्राक्का आली.
पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, पिशवीत पानाचा डबा.
"एक आंबा दे. कलमाचा नगं, कोयीचा."
कोयीचे आम्ही विकत नाही, ते खुंटासाठी.
त्यांची शेंडी कापायची, दुसऱ्याचा डोळा बांधायचा.
मी सांगितलं, आक्का, आठ-दहा वर्षं फळच धरायचं नाही,
आणि धरलं तर गोड की आंबट, कुणी सांगायचं?
"मग बरं की," ती म्हणाली.
"समदं आत्ताच ठावं झाल्यावर मी बघतो कशाची वाट?"
वीस सांगितले, बारा दिले, वर चुना मागितला.
एसटीच्या खिडकीतून तांबडी पालवी बाहेर आली होती,
कंडक्टर काहीतरी ओरडत होता.

आज कृषी सहायक कुराडे आले, तक्ता घेऊन.
लागवड किती, जगणूक किती, अपेक्षित उत्पादन टनात.
मी विचारलं, यात हत्ती कुठं लिहायचा?
गेल्या पावसाळ्यात मिंगेल बारदेस्करांचे
भर लागतीचे अकरा फणस त्यानं एका रात्रीत झोपवले.
"हत्तीला रकाना नाही, मॅडम."
मग वहीवर बोट फिरवत खाली आले, थांबले.
सुळेरान. कोय. एक.
"हे काय? जात नाही, वर्ष नाही. टन कसे काढू?"

काढू नका.

त्यांनी सगळ्याची बेरीज मारली:
नऊ हजार दोनशे एक.
"वरचा एक सोडून देऊ? तक्त्यात बरं दिसतं."
पेन तसंच वर धरलेलं.
बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, बहुतेक अव्होकाडोवाला.
मी म्हटलं, ऱ्हाऊ दे.